“तिला परत बोलवू का?”

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका आईने विचारलं, “मुलगी तीन आठवडे झाले, फोनवर रोज रडते. तिला परत बोलवू का?” मुलगी इथेच इंजिनिअरिंग करून ऑक्टोबरच्या सुरुवातीला मास्टर्ससाठी जर्मनीतल्या श्टुटगार्टला गेलेली. आठवड्यातले दोन दिवस कंपनीत इंटर्नशिप, तीही अभ्यासक्रमातलीच. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.)

पहिला प्रश्न आईलाच होता: रडते ती नेमकी कधी? “आमचा फोन असतो तेव्हा. रात्री साडेनऊला, जेवणं आवरली की.”

तीन आठवडे म्हटल्यावर कॅलेंडर बघावंसं वाटलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीत घड्याळं एक तास मागे करतात. तोवर भारताशी साडेतीन तासांचा फरक असतो, नंतर साडेचार. म्हणजे आधी बडोद्याच्या साडेनऊला तिथे सहा वाजायचे आणि ती खोलीवर पोचून दोन घास खाऊन बसलेली असायची. आता तिथे पाच वाजतात. नोव्हेंबरात तेवढ्यात काळोख पडलेला असतो, ती ट्रामच्या थांब्यावर असते, दुपारनंतर पोटात काही नसतं. त्या वेळी “कशी आहेस गं?” विचारलं की दुसरं काय ऐकू येणार? इथे चूक कुणाचीच नाही, वेळ वाईट आहे. फोन शनिवार-रविवारी तिथल्या सकाळी अकरावर नेला, म्हणजे इथले दुपारचे साडेतीन. मधल्या दिवसांत फक्त व्हॉइस मेसेज, सवडीने ऐकायचे.

मग मुलीशी व्हिडिओवर बोलणं झालं. अडलेलं सगळं कागदावर लिही म्हटल्यावर अकरा गोष्टी निघाल्या. त्यातल्या बऱ्याचशा दुःखं नव्हत्याच, कामं होती. “इथे माझं काहीच होत नाही” या वाक्याच्या तळाशी तर एक टपालपेटी निघाली.

घर घेतल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, घरमालकाच्या सहीचा फॉर्म जोडून. ते तिने वेळेत केलं होतं. त्यानंतर टॅक्सचा ओळख क्रमांक टपालाने येतो. तो आला नाही, कारण चौघांच्या त्या फ्लॅटच्या पेटीवर तिचं आडनावच नव्हतं. पोस्टमन फ्लॅट नंबर शोधत बसत नाही, आडनाव बघतो. ते दिसलं नाही की पत्र परत. क्रमांक नाही म्हणून कंपनीने पहिल्या पगारातून सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात चढ्या दराने कर कापला. आणि हिने धरलं की आपल्याला फसवलं. उपाय एवढाच की आडनाव नोंदणीत आहे त्याच स्पेलिंगने चिठ्ठीवर लिहून पेटीवर आणि दाराच्या घंटीवर चिकटवायचं, आणि क्रमांक पुन्हा मागवायचा. तोही टपालानेच येतो, काही आठवडे जातात. जास्तीचा कापलेला कर मात्र वर्षाचं विवरण भरून परत मिळवता येतो.

पगाराचा सलही असाच. शेजारच्या खोलीतल्या मुलाला तासाला किमान वेतन, 2025 मध्ये 12.82 युरो, आणि हिला त्याहून कमी. पण अभ्यासक्रमाने सक्तीची केलेली इंटर्नशिप किमान वेतनाच्या कायद्यात बसत नाही. उलट आपल्याकडून गेलेल्या विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस कामाची मुभा असते, त्यातून सक्तीच्या इंटर्नशिपचे दिवस वजा होत नाहीत. आपले दिवस संपत आले या भीतीने तिने सुट्टीतलं दुसरं काम नाकारलं होतं!

उरलं ते खरं दुःख: दुपारी एकटीने जेवणं. बाराच्या सुमारास टीम “मालत्साइट” (जेवणाच्या वेळचा तिथला नमस्कार) म्हणत उठायची. ही आपला डबा दीड वाजता खुर्चीतच उघडायची, कारण बोलावलं कुणीच नाही. तिथे बहुधा कुणी बोलावतही नाही. “मालत्साइट” हेच आमंत्रण. त्याला उत्तरही तोच शब्द, आणि डबा उचलून मागोमाग चालू लागायचं. पहिल्या दिवशी ती गप्पच बसली म्हणे. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी डब्यातल्या थेपल्याबद्दल विचारलं.

परत बोलावण्याचा विचार कधी करायचा, हेही आईला स्पष्ट सांगितलं. दोन आठवडे धड झोप नाही, जेवण सुटलं, वर्ग बुडायला लागले, तर विद्यापीठाच्या विद्यार्थी सेवा केंद्रातल्या समुपदेशकाची वेळ लगेच घ्यायची. जगण्याचा कंटाळा आला असं बोलली, तर वाट न बघता 112, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर.

आईचा हात अजून साडेनऊला फोनकडे जातो. त्यावर तोडगा तिनेच काढलाय: त्या वेळी उद्याची भाजी निवडत बसते.