टर्बो पेट्रोल गाडीला मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर लावावा का?

घोडबंदर रोडवर गाडी मंद वाटते म्हणून हजारभर रुपयांचा कंट्रोलर (बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, हाताने वाढवणारी झडप) लावायचा विचार असेल, तर आधी थांबा. टर्बोच्या कॉम्प्रेसरकडून (हवा दाबणारा भाग) आलेल्या नळीतला दाब वेस्टगेट हलवणाऱ्या अॅक्च्युएटरची स्प्रिंग ढकलतो, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारं दार) उघडतो आणि बूस्ट तिथेच थांबतो. ईसीयू (इंजिनचा संगणक) सोलेनॉइडमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेतून, त्यातला थोडा दाब सोडून देतो. वेस्टगेट उशिरा उघडतो, बूस्ट चढतो. कंट्रोलर हेच काम करतो, पण ईसीयूला न विचारता. मॅप सेन्सरला (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) जास्त दाब दिसला की थ्रॉटल मिटतो किंवा इंधन तुटतं, पी०२३४ (बूस्ट जास्त) हा एरर कोड येतो. इलेक्ट्रिक अॅक्च्युएटर असेल तर हा कंट्रोलर बसतच नाही.

बहुतेक वेळा दुखणं गळतीचं असतं. इंटरकूलरचे (दाबलेली हवा थंड करणारा भाग) पाइप, क्लॅम्प, सोलेनॉइडच्या बारीक नळ्या तपासा. उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने त्या तडकतात. कोड पी०२९९ (बूस्ट कमी) असेल तर स्मोक टेस्ट, म्हणजे नळ्यांत धूर सोडून गळती शोधणं, कराच. हातपंपाने अॅक्च्युएटरला दाब द्या: रॉड हलला पाहिजे आणि दाब टिकला पाहिजे.

तरीही बूस्ट वाढवायचाच असेल तर रीमॅपनेच (ईसीयूमधल्या सेटिंग बदलून), आणि ०.१ ते ०.१५ बारच्या पुढे नको. ९५ ऑक्टेन पेट्रोल, नवे प्लग, गॅप किंचित कमी. मॅपिंग डायनोवर (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) करून घ्या, पाम बीच रोडवर नव्हे. ईसीयूच्या लॉगमध्ये नॉक रिटार्ड (इंधन वेळेआधी भडकू नये म्हणून ठिणगी किती मागे घेतली) आणि इनटेक तापमान (आत येणाऱ्या हवेचं) बघा. मे महिन्यात तीन हात नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये इंटरकूलर तापतो, तेव्हा ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि वाढवलेला बूस्ट जाणवतही नाही. वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं, हेही धरून चला.