लंडनहून लॅपटॉप आणला तर तिथला इंग्रजी कीबोर्ड पुण्यात अडचणीचा ठरेल का?

वापरता येईल. अक्षरं तीच आणि त्याच जागी असतात. फरक दोन गोष्टींत आहे: चिन्हांच्या जागा आणि बटणांचे आकार. पहिला सेटिंगमधून दोन मिनिटांत मिटतो, दुसरा लॅपटॉप असेपर्यंत राहतो. म्हणून घेण्याआधी आकार बघा.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपचे कीबोर्ड अमेरिकी घडणीचे असतात. एंटर आडवं, एका ओळीत मावणारं, त्याच्या डोक्यावर \. ब्रिटिश कीबोर्डवर एंटर दोन ओळी उंच आणि अरुंद असतं, डावं शिफ्ट आखूड असतं आणि शिफ्ट व झेडच्या मध्ये एक जादा बटण घुसवलेलं असतं. खरा त्रास त्याचाच. न बघता टाइप करणाऱ्याची करंगळी सवयीने शिफ्टकडे जाते आणि \ उमटतं. बघून टाइप करत असाल तर फारसं जाणवणार नाही.

चिन्हांचं म्हणाल तर विंडोजच्या ब्रिटिश मांडणीत (कुठल्या बटणाला कुठलं चिन्ह, हे ठरवणारं सेटिंग म्हणजे मांडणी) शिफ्ट+२ ला @ नाही, " येतं. @ सेमीकोलनच्या उजवीकडच्या बटणावर जातं. शिफ्ट+३ ला £, आणि # ला एंटरला चिकटून स्वतंत्र बटण. (मॅकवर ब्रिटिश मांडणीतही @ शिफ्ट+२ लाच असतं, # साठी ऑप्शन+३.)

कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, कुठलं बटण दाबलं एवढंच कळवतो. वर काय छापलंय ते विंडोजला दिसतच नाही. त्यामुळे @ च्या जागी " येऊ लागलं तर कीबोर्ड बिघडला म्हणून दुकानात पळू नका, मांडणी बदलली आहे एवढंच.

ब्रिटिश लॅपटॉपवर अमेरिकी मांडणी ठेवली तर £ सोडून फारसं काही हरवत नाही. \ तर दोन बटणांवर मिळतं. उलट, आपल्याकडच्या लॅपटॉपवर ब्रिटिश मांडणी ठेवली तर जादा बटणच नसल्यामुळे \ आणि | टाइप करायला जागाच उरत नाही. प्रोग्रामिंग करणाऱ्याने ती चूक करू नये.

विंडोज ११ वर: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन. तिथे इंग्लिशसमोरचे तीन ठिपके, लँग्वेज ऑप्शन्स, ॲड अ कीबोर्ड. माझा सल्ला 'इंग्लिश (इंडिया)' घ्या. चिन्हं आपल्या सवयीच्या जागी येतात आणि उजवं ऑल्ट+४ दाबलं की ₹ मिळतं. ४ च्या बटणावर ₹ छापलेलं असूनही येत नाही अशी तक्रार असते, तिथे बहुधा साधी 'यूएस' मांडणी चालू असते. 'यूएस इंटरनॅशनल' मात्र टाळा: त्यात ' दाबल्यावर पुढचं बटण दाबेपर्यंत काही उमटत नाही.

जुनी मांडणी यादीतून काढून टाका, नाहीतर विंडोज+स्पेस चुकून दाबलं की ती परत येते. पण काढण्याआधी पासवर्ड तपासा. त्यात @, " किंवा # असेल तर जुन्या मांडणीत बसलेल्या सवयीने तो चुकेल आणि लॉक स्क्रीनवर ठिपके दिसत असल्याने कळणारही नाही. तिथल्या कोपऱ्यात कुठली मांडणी चालू आहे ते दिसतं.

मराठी टाइप करायच्या इनस्क्रिप्ट मांडणीत ॉ हे अमेरिकी \ च्या बटणावर असतं. ब्रिटिश लॅपटॉपवर तो मान एंटरशेजारच्या # छापलेल्या बटणाचा. 'डॉक्टर' लिहिताना तिकडे हात न्या.

कीबोर्डच बदलून घेऊ असा विचार असेल तर आधी लॅपटॉपची कीबोर्डभोवतीची चौकट बघा. अनेक मॉडेलमध्ये बटणांची भोकं चौकटीतच कापलेली असतात आणि त्यात अमेरिकी कीबोर्ड बसत नाही. चौकटीसकट भाग घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो. चार्जरची पिनही चौकोनी, ब्रिटिश असेल, पण ती वायर बहुतेक वेळा चार्जरच्या विटेसारख्या ठोकळ्यापासून सुटी होते, तेवढीच इथे बदलून घ्या.