घरी चालतो, दुकानात नाही!

प्रश्न: काकांच्या दुकानासाठी बिलिंगचा जावा प्रोग्रॅम केला, घरी मस्त चालतो पण दुकानातल्या जुन्या पीसीवर 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर' येते, ६१ नि ५२ असे आकडे दिसतात. चवथीच्या गर्दीआधी व्हायला हवं. — एक वाचक, म्हापसा

उत्तर: अरे आकड्यांतच सगळं आहे, ६१ म्हणजे जावा १७ आणि ५२ म्हणजे जावा ८, तू नव्यात कंपाइल केलंस (म्हणजे कोडपासून चालणारी फाइल बनवलीस) आणि दुकानातलं जावा २०१४ सालच्या व्हर्जनचं, त्याला नवी फाइल वाचताच येत नाही (उलटं बहुतेकदा चालतं). पीसीवर १७ टाक, नाहीतर घरी 'रिलीज ८' ऑप्शन देऊन परत कंपाइल कर, फक्त कोडमध्ये 'व्हार' (व्हेरिएबलचा प्रकार न लिहिता वापरायचा शब्द) असेल तर काढून प्रकार लिही, ते जावा १० मध्ये आलं. नवं टाकूनही तीच एरर आली तर पाथमध्ये (पीसी प्रोग्रॅम कुठे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) जुनंच जावा आधी लागतंय, तिथे माझेही दोन तास गेलेत.