वाचकांचे प्रश्न : खोल पाण्यातली जिग

प्रश्न : दादा, मी मानेवाड्याला राहतो. अमेरिकेतले बास नावाच्या माशाच्या फिशिंगचे व्हिडिओ पाहून पाहून मीही ऑनलाइन सहा जिग (डोक्याशी वजन ओतलेले गळ) मागवल्या, अर्ध्या औंसच्या आणि पाऊण औंसच्या, सोबत रबरी खेकड्यांचं पाकीट आलं. रामटेकला खिंडसी तलावावर दोनदा गेलो, परवानगी काढून गेलो होतो. काहीच लागलं नाही, वर दोन जिग दगडात अडकून गेल्या. मला मरळ पकडायचा आहे. माझं बांधण्यात चुकतंय का?

उत्तर : भाऊ, बांधण्यात चुकत असेलही, पण त्याच्या आधी एक गोष्ट. तुम्ही मरळ चुकीच्या जागी शोधताय. मरळला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, हवा घ्यायला त्याला थोड्या थोड्या वेळानं वर यावंच लागतं, म्हणून तो काठाच्या गवतात, कमळाच्या पानांखाली, उथळ पाण्यात राहतो. खोल पाण्यात जिग टाकून तुम्ही त्याच्या घरापासून लांब बसलेले आहात. मरळसाठी वरून चालणारा रबरी बेडूक बांधा. आणि पावसाळ्यात वर लालसर पिल्लांचा घोळका हलताना दिसला की तिथे गळ टाकूच नका, खाली मायबाप राखणीला असतात, ते उचलले की पिल्लं गेलीच समजा.

आता खोल पाण्याची जिग. आपल्याकडे बास नाही, पण तळाशी शिकार करणारे शिंगाळा आणि पढीन आहेत, आणि त्यांच्यासाठी ही बांधणी कामाची आहे. अर्धा औंस म्हणजे साधारण 14 ग्रॅम, पाऊण म्हणजे 21. बारा-पंधरा फुटांपर्यंत 14 पुरते, त्याच्या खाली किंवा वारा सुटला असेल तर 21 घ्या, कारण वारा लाइनला पोट पाडतो आणि मग जिग तळाला आहे की अधांतरी ते हाताला कळतच नाही. खोल पाण्यात डोळ्यांचा काही उपयोग नाही, जे कळायचं ते बोटांनाच, त्यामुळे बांधताना एकच विचारायचं, यानं तळ जास्त कळेल का कमी.

डोक्याचा आकार बघा. आडवं, दोन्ही बाजूंनी फुगलेलं डोकं असेल तर त्याला फुटबॉल हेड म्हणतात, ते दगडांवरून गडगडत येतं, फटीत सहसा रुतत नाही. पण बुडालेली झाडं असतील, गोसेखुर्द धरणात गावंच्या गावं पाण्याखाली गेली तशी जागा असेल, तिथे हेच डोकं फांदीत आडवं अडकतं, तिथे निमुळतं डोकं घ्या. तुमच्या दोन जिग दगडात गेल्या म्हणता, म्हणजे बहुतेक तुमच्याकडे निमुळत्या डोक्याच्या आहेत. आणि अडकली की जोरानं ओढायचं नाही, तिथेच घट्ट बसते. लाइन थोडी ताणून धनुष्याच्या दोरीसारखी बोटानं टण्णकन सोडा, किंवा चालत दुसऱ्या बाजूला जाऊन उलट दिशेनं काढा, बऱ्याचदा येते.

रबरी खेकडा लावणं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळे घाईत तेच बिघडवतात. खेकडा आधी गळाच्या बाजूला आडवा धरा, गळाचा वाक जिथे येतो तिथे नखानं खूण करा, मग गळाचं टोक खेकड्याच्या नाकातून, म्हणजे नांग्यांच्या विरुद्ध टोकातून, बरोबर मधोमध घुसवून सरळ सरकवत न्या आणि त्या खुणेवरच बाहेर काढा. समोर धरून बघा, दोन्ही नांग्या सारख्या दिसल्या पाहिजेत. एक मिलिमीटर जरी वाकडा बसला तरी पाण्यात जिग फिरकीसारखी फिरते आणि लाइनला पीळ पडतो, माझी एक अख्खी सकाळ अशीच पीळ सोडवण्यात गेली आहे. वाकडा बसला तर पूर्ण काढून पुन्हा लावा, ओढून सरळ करू नका, रबर फाटतं. पुढची रबरी झालर कात्रीनं गळाच्या वाकाच्या जरा मागेपर्यंत कापा, फार लांब असेल तर मासा झालरच ओढून जातो. गळासमोरचे गवत-अडवणारे ताठ केस दाट असतील तर थोडे कमी करा, नाहीतर टोचा बसत नाही, म्हणजे गळ माशाच्या तोंडात रुतत नाही.

लाइन : रीलवर ब्रेड (विणलेली लाइन) आणि पुढे जिगकडे पाच-सहा फूट फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे जोडतुकडा. ब्रेड ताणत नाही म्हणून तळाचा खडा सुद्धा हाताला कळतो, पण ती तरंगते, फ्लोरोकार्बन बुडते आणि दगडावर घासली तरी तग धरते. नुसती नायलॉन ताणते, खोलीत टोचा मऊ पडतो. जिगला पालोमार गाठ : लाइन दुहेरी करून कडीतून काढा, साधी सैल गाठ मारा, उरलेल्या फासातून अख्खी जिग आरपार काढा, थुंकी लावून ओली करा आणि मग हळू आवळा. कोरडी आवळली की घासून तिथेच तुटते.

टाकल्यावर लाइन खाली सोडून मनात आकडे मोजा. पहिल्यांदा दहाला तळ लागला आणि पुढच्या फेकीला सहाला लागला तर तिथे उंचवटा आहे, तिथेच जरा थांबा. मग रॉड हळू वर करा, जिग घसरू द्या, पुन्हा थांबा. पकड बहुतेक घसरतानाच होते, टकटक होत नाही, नुसतं जड लागतं.

मे महिन्यात फार खोल जाऊ नका. वरचं पाणी तापतं, खालचं थंड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत आणि अगदी खालच्या थरात ऑक्सिजन संपत जातो, तिथे मासा राहत नाही.

शिंगाळा हाताळताना पाठीवरचा आणि बाजूचे काटे सांभाळा. पढीन आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या लाल यादीत असुरक्षित आहे, लागलाच तर गळ पक्कडीनं काढून पाण्यात सोडा, मी तर सोडतोच.

प्रश्न : शिशाच्या जिग घरी मुलांच्या हाताला लागल्या तर चालतं का? टंगस्टन फार महाग आहे.

उत्तर : नाही चालत. शिसं विषारी आहे आणि लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधतं. डबा उंचावर ठेवा, हाताळल्यावर साबणानं हात धुवा, शिसं दातानं चावून बसवू नका. टंगस्टनची घनता शिशापेक्षा बरीच जास्त आहे, साधारण 19 ला 11, म्हणून तितक्याच वजनाची जिग लहान होते आणि कठीण असल्यानं तळ जास्त कळतो. सगळं एकदम बदलायची गरज नाही, खोल पाण्यासाठी दोन घेऊन बघा.