'माया पंचांग' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: शाळेतल्या प्रदर्शनासाठी मेक्सिको-ग्वातेमालातल्या माया लोकांच्या कालगणनेचा मराठी तक्ता करायचा आहे. त्याला 'माया पंचांग' म्हटले तर चालेल का? आणि 'लाँग काउंट'साठी, म्हणजे ठरलेल्या आरंभापासून सलग दिवस मोजण्याच्या त्यांच्या पद्धतीसाठी, 'दीर्घ गणना'पेक्षा बरा शब्द सापडेल का?

'पंचांग' नको. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे ज्यात असतात ते पंचांग, आणि त्यांतली वार सोडून चारही चंद्राच्या चालीवर ठरतात. माया शिलालेखांत चंद्राचे वय (अमावास्येनंतर लोटलेले दिवस) नोंदलेले असते, पण ती वेगळी नोंद आहे. गणनेचा सांगाडा चंद्रावर उभा नाही. 'दिनदर्शिका' म्हटले की भिंतीवरचा चौकटींचा कागद डोळ्यांपुढे येतो. तुमच्या प्रश्नातच आलेला 'कालगणना' हा शब्द सर्वांत योग्य आहे, तोच ठेवा.

या गणनेचे मूळ एकक दिवस आहे. दिवसाला माया भाषांत 'किन' म्हणतात, आणि किन म्हणजे सूर्यही. हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये. 'दिवस उगवला', 'दिवस कासराभर वर आला', 'दिवस मावळला' असे आपण म्हणतो तेव्हा तो दिवस म्हणजे सूर्यच असतो. अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत दिवस म्हणजे 'तोनाल्ली'. त्या शब्दात उन्हाची ऊब आहे आणि माणसाचे प्राक्तनही. म्हणून तक्त्यात 'किन = दिवस' एवढेच लिहा आणि कंसात 'सूर्य' टाका. मुलांना ते लगेच पटेल.

260 दिवसांच्या चक्राला अभ्यासक 'त्सोल्किन' म्हणतात. हे नाव त्यांनीच विसाव्या शतकात युकातेक या माया भाषेतून घडवले. 1 ते 13 हे आकडे आणि दिवसांची 20 नावे एकाच वेळी पुढे सरकतात: 1 इमिश, 2 इक, 3 अकबाल असे करत 13 बेन, आणि त्यानंतर 14 नव्हे, 1 ईश. इथे 'आठवडा' किंवा 'महिना' म्हटले तर गोंधळ होईल. त्यापेक्षा अंगारकीचे उदाहरण द्या. वार आपल्या गतीने फिरतो, तिथी आपल्या, आणि संकष्टी मंगळवारी आली की त्या दिवसाला वेगळे नाव आणि वेगळे मोल मिळते. माया लोकांकडे प्रत्येक दिवस असा जोडनावाचा असे. त्याच्या जोडीला 365 दिवसांचे 'हाब' चालते: 20 दिवसांचे 18 महिने आणि शेवटी 5 अशुभ दिवस. दोन्ही चक्रांतले तेच दिवस पुन्हा एकत्र यायला 18,980 दिवस लागतात, म्हणजे हाबाची 52 वर्षे.

वीसच का? ग्वातेमालातल्या किचे भाषेत 'विनाक' म्हणजे माणूस आणि वीससुद्धा. हातापायांची सगळी बोटे मोजली की एक माणूस पुरा होतो. वीस दिवसांच्या गटाचे 'विनाल' हे नाव याच कुळातले. आपल्याकडे वीस नगांची 'कोडी' होतीच, तिची आठवण इथे जरूर करून द्या.

आता 'लाँग काउंट'. 'दीर्घ गणना' हे शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर आहे. त्यातून काय मोजले ते कळत नाही. आपल्या ज्योतिर्गणितात यासाठी तयार शब्द आहे: अहर्गण. एका ठरलेल्या आरंभापासून आजवर किती दिवस लोटले, तो आकडा म्हणजे अहर्गण. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' हा ज्योतिर्गणिताचा ग्रंथ रचताना हा आकडा फार वाढू नये म्हणून 4016 दिवसांचे एक चक्र धरले. माया लेखकांनी तीच अडचण एकावर एक एकके चढवून सोडवली: 20 किनांचा विनाल, 18 विनालांचा 'तुन', 20 तुनांचा 'कातुन', 20 कातुनांचा 'बाक्तुन', म्हणजे 1,44,000 दिवस. तुन 360 दिवसांचा असतो, आणि त्यालाही आपल्याकडे शब्द आहे, सावन वर्ष. (हा 'सावन' श्रावणाचा नव्हे, सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतच्या दिवसाला सावन दिन म्हणतात.)

एक खबरदारी मात्र घ्या. माया गणनेचा आरंभ आजच्या पद्धतीने इ.स.पू. 3114च्या 11 ऑगस्टला येतो आणि कलियुगाचा इ.स.पू. 3102मध्ये. अंतर जेमतेम साडेअकरा वर्षांचे आहे, म्हणून दोन्हींचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तो योगायोग आहे. शब्द उसना घेताना इतिहास उसना घेऊ नये.

तक्त्यात 2012 येणारच. '21 डिसेंबर 2012 रोजी माया कॅलेंडर संपले' हे वाक्य तेव्हा सगळीकडे छापले गेले आणि ते मला अजून खुपते. मेक्सिकोतल्या तोर्तुगेरोच्या शिलालेखात या दिवसासाठी 'त्सुत्स' हे क्रियापद आहे: पुरे होणे, भरणे. मराठीत नेमके हेच क्रियापद हवे. घटिकापात्र भरले की बुडते, मग ते रिकामे करून पुन्हा पाण्यावर सोडतात. घटका भरते, वेळ संपत नाही. तसे तेरा बाक्तुन भरले आणि दुसऱ्या दिवशी पुढचा किन मोजला गेला. पालेंके या माया नगरातल्या लेखात तर तिथल्या राजा पाकालच्या राज्यारोहणाचा फिरून येणारा दिवस इ.स. 4772पर्यंत मोजून ठेवला आहे.

'राज्यारोहण' वरून आठवले. माया लोक महिन्याचा पहिला दिवस 1 असा मोजत नसत. 'पोप' नावाच्या महिन्याच्या त्या दिवशी ते 'पोप बसला' असे लिहीत आणि दुसऱ्या दिवसाला 1 पोप म्हणत. राजा गादीवर बसला हे सांगायलाही तेच क्रियापद. अनुवादक इथे 'शून्य पोप' लिहितात, ते हिशेबाला ठीक आहे. पण ज्या भाषेत आश्विनात घट बसतात तिच्यात 'पोप बसला' असेच लिहावे.