पाच वॅटच्या संचावर युरोप गाठता येईल का?

प्रश्न : मी सांगलीत राहतो. हौशी रेडिओचा परवाना मिळून वर्ष झाले. घरी जुळवलेला बिटएक्स जातीचा ५ वॅटचा रेडिओ-संच आहे. गच्चीवर जेमतेम दोन मीटर उंचीवर ४० मीटर पट्ट्याचा (७ मेगाहर्ट्झ) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना, बांधला आहे. हैदराबाद, कोची सहज मिळतात, पण परदेशातले एकही स्टेशन मिळालेले नाही. ॲम्प्लिफायर घ्यावा का?

उत्तर : कृपया तो खर्च आत्ता करू नका. समोरच्या संचावरील सिग्नल-मीटरचा काटा एक घर पुढे सरकायला शक्ती चौपट करावी लागते; म्हणजे ५ वॅटचे २० वॅट केले, तरी फरक एका घराचाच पडतो. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्सची रचना केली ती कमी खर्चात हवेवर येता यावे म्हणूनच, आणि एवढ्याच शक्तीवर खंडांपलीकडे बोलणारे हौशी जगभर आहेत.

तुमची अडचण तारेच्या उंचीत आहे. तरंगलांबीच्या मानाने फार खाली असलेला डायपोल बहुतेक ऊर्जा सरळ वर फेकतो. ती आयनांबरावरून, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थरांवरून, परतून आसपासच्या काहीशे किलोमीटरांत उतरते, म्हणून तुम्हाला हैदराबाद मिळते. युरोपसाठी लहरी क्षितिजालगत निघायला हव्यात, म्हणजे दोन-तीन उड्यांत त्या तिथे पोहोचतात. त्यासाठी तार साधारण अर्ध्या तरंगलांबीइतकी उंच हवी. ४० मीटर पट्ट्यासाठी ती २० मीटर उंच नेणे गच्चीवर अवघड आहे, पण २० मीटर पट्ट्यावर (१४ मेगाहर्ट्झ) तेच काम १० मीटर उंचीत होते, आणि तुमच्या इमारतीची उंचीही काही प्रमाणात कामी येते. १४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की डायपोलची लांबी मीटरमध्ये मिळते, १४.१ साठी ती सुमारे १०.१ येते. प्रत्येक बाजू थोडी लांब ठेवून एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे दाखवणारा) पाहत कापत जावे. मध्यभाग बांबूवर उंच आणि टोके उतरती ठेवल्यास एकाच खांबावर भागते. डायपोल तारेच्या आडव्या दिशेला अधिक प्रसारित करतो आणि युरोप आपल्या वायव्येला आहे, म्हणून तार ईशान्य-नैर्ऋत्य ताणावी. पावसाळ्यात ढग गडगडू लागताच केबल संचापासून सोडवून ठेवावी, हे आवर्जून सांगतो.

आवाजाऐवजी मोर्स वापरल्यास तेवढीच शक्ती फार अरुंद पट्ट्यात एकवटते, त्यामुळे क्षीण सिग्नलही ओळखता येतो. मोर्स येत नसेल, तर २०१७ मध्ये आलेली एफटी८ ही छोटे लेखी संदेश पाठवण्याची पद्धत संगणक जोडून वापरता येते. तिचे एक कर्ते जो टेलर हे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते आहेत. तिच्यात प्रत्येक संदेश १५ सेकंदांच्या आवर्तनात जातो, म्हणून संगणकाचे घड्याळ अचूक हवे.

आता वेळेविषयी. दिवसा आयनांबराचा खालचा थर ७ मेगाहर्ट्झच्या लहरी बऱ्याच शोषून घेतो, म्हणून त्या पट्ट्यावर भर दुपारी युरोप शोधणे व्यर्थ आहे. १४ मेगाहर्ट्झवर सूर्यास्ताच्या तासभर आधी बसावे. प्रथम पुष्कळ ऐकावे, स्वतः 'सीक्यू' (कुणीही उत्तर द्यावे अशी हाक) पुकारण्यापेक्षा मोठ्या अँटेनाच्या स्टेशनांना उत्तर द्यावे, आणि ज्यांच्याभोवती गर्दी आहे त्यांना सोडून नुकताच एक संपर्क संपवून मोकळे झालेले स्टेशन निवडावे. घरातले स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मात्र त्या तासाभरासाठी बंद ठेवून पाहा. आपल्याच घरच्या खरखरीखाली क्षीण परदेशी सिग्नल दडलेला असणे शहरात फार आढळते.