संत्रा बर्फीची पट्टी का तुटते?

प्रश्न : ताई, आमचं इतवारीत मिठाईचं दुकान आहे. मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काउंटरवर जुना लॅपटॉप ठेवून त्यावर ‘संत्रा बर्फी मिळेल’ अशी सरकती पट्टी लावते, कुणी क्लिक केलं की ती उलटी फिरेल, असं बाबांना कबूल करून बसले आहे. पायथॉनच्या टीके-इंटर या खिडक्या बनवायच्या लायब्ररीत करून राहिले. आधी सतत फिरणाऱ्या व्हाइल लूपमध्ये स्लीप, म्हणजे थोडं थांबायची आज्ञा, टाकलं, तर खिडकी पांढरी पडली आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. मैत्रीण म्हणाली, टीके-इंटरची आफ्टर ही आज्ञा वापर. आता पट्टी चालते, पण दर क्लिकला दिशेसोबत वेगही वाढतो; पाच-सहा क्लिकनंतर वाचताच येत नाही. त्यात अक्षरं तुटतात. ‘सं’चा अनुस्वार ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसतो, वेलांटी एकटीच फिरते. मैत्रिणीची इंग्रजी पट्टी त्याच कोडवर नीट चालते. माझं काय चुकून राहिलं?
— एक विद्यार्थिनी, इतवारी

उत्तर : बेटा, तुझा शेवटचा, अक्षरं तुटण्याचा प्रश्न मी आधी घेते, कारण तो मला सगळ्यात जवळचा आहे. १९९० च्या दशकात मी पॉलिटेक्निकला शिकवायला लागले तेव्हा सरकत्या अक्षरांचा पहिला प्रोग्राम टर्बो सीमध्ये लिहिला होता. अक्षरं होती इंग्रजीतली, ‘नागपूर’ हे आपल्या गावाचं नावसुद्धा रोमन लिपीत. आमच्या प्रयोगशाळेत पडद्यावर मराठी आणायची सोयच नव्हती. आज तू सरळ मराठीत पट्टी करायला बसलीस याचा मला फार आनंद झाला. तेव्हा ती धडच चालली पाहिजे.

तुझं कोड पुस्तकातल्या नेहमीच्या उदाहरणावरून आलेलं दिसतं : वाक्याचं पहिलं अक्षर कापायचं, शेवटी चिकटवायचं, पुन्हा दाखवायचं. रोमन लिपीत एक अक्षर म्हणजे एक संकेत, म्हणून तिथं हे खपतं. आता ‘संत्रा बर्फी’ घे. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात : सं, त्रा, ब, र्फी. पायथॉनला लांबी विचार, तो १२ सांगेल. स, अनुस्वार, त, हलन्त, र, काना, मधली मोकळी जागा, मग ब, र, हलन्त, फ, वेलांटी. पहिल्याच कापणीत एकटा ‘स’ शेवटी गेला आणि वाक्याच्या तोंडाशी उरला नुसता अनुस्वार. त्याला बसायला अक्षर नाही, म्हणून संगणक ठिपक्यांचा गोल काढून देतो. पुढच्या कापणीत अनुस्वार ‘स’पाशी पोचतो आणि ‘सं’ पुन्हा जुळतं. मग ‘त’ कापला की हलन्त उघडा पडतो. तुझी अक्षरं तुटून जुळून राहिली ती अशी.

अक्षरगट ओळखून कापता येतं, पण तिथंही खड्डा आहे. ‘त्रा’सारखं जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेत-प्रमाणाच्या गटवारीत १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमावर चालणाऱ्या लायब्ररीत ‘त्’ आणि ‘रा’ वेगळे होतात. तुझ्या कामाला हा खटाटोप कशाला? वाक्य कापूच नको. कॅनव्हासवर, म्हणजे खिडकीतल्या चित्रफलकावर, ते एकदाच अख्खं लिही, आणि त्या लिखाणाचा एक्स, म्हणजे आडवी जागा, तेवढा बदलत राहा. कॅनव्हासची मूव्ह आज्ञा त्याचसाठी आहे. शिवाय अक्षर-अक्षर उडी मारत जाणारी पट्टी डोळ्याला टोचते. दोन-दोन पिक्सेलनी सरकणारी वाचायला सुखाची होते.

आता खिडकी पांढरी का पडली ते. टर्बो सीमध्ये आम्ही डिले टाकायचो आणि भागायचं, कारण डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्या वेळी आपला एकच प्रोग्राम चालू असायचा. खिडकीचं तसं नाही. तुमच्या दुकानात गल्ल्यावर बाबा एकटेच असतात असं समज. पैसे तेच घेतात, बर्फी तेच तोलतात, ‘ताजी आहे का’ याला उत्तरही तेच देतात. ते दर मिनिटाला डोळे मिटून बसले तर गिऱ्हाईक ताटकळेल. टीके-इंटरचा मेनलूप तसा एकटा माणूस आहे. खिडकी रंगवणं, क्लिक ऐकणं, ती बंद करणं, सगळं त्याच्याच हातून होतं. स्लीप म्हणजे त्याला झोपवणं, आणि तुझ्या न संपणाऱ्या व्हाइलमुळे तो परत गल्ल्यावर आलाच नाही. आफ्टर त्याला फक्त चिठ्ठी देतं : ३० मिलिसेकंदांनी हे फंक्शन (कोडचा नाव दिलेला तुकडा) चालव, तोवर तुझं काम कर. फंक्शननं पट्टी एक पाऊल सरकवायची, पुढची चिठ्ठी लिहायची आणि परतायचं.

इथं एक बारीक गोष्ट सांगते, माझे कितीतरी विद्यार्थी हिच्यात अडकले. आफ्टरला फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं, पुढे कंस लावायचे नाहीत. कंस लावले की ते तिथल्या तिथं चालतं, स्वतःलाच पुन्हा बोलावतं, आणि पायथॉन ‘रिकर्शन एरर’ म्हणून थांबतो.

वेग वाढतो त्याचं कारण आता तुझ्या लक्षात आलं असेल. तू क्लिकच्या फंक्शनमध्ये दिशा बदलून लगेच सरकवायचं फंक्शनही बोलावून राहिली असशील. पहिली चिठ्ठ्यांची साखळी चालू असतेच, क्लिकनं दुसरी सुरू होते, पुढच्या क्लिकनं तिसरी. तीन साखळ्या एकच पट्टी ओढतात. क्लिकचं काम एवढंच : दिशा १ असेल तर उणे १ करायची, उणे १ असेल तर १. बाकी कशाला हात लावायचा नाही. चालू साखळी पुढच्या पावलाला नवी दिशा आपोआप घेईल. क्लिक मात्र अक्षरांना न बांधता सगळ्या कॅनव्हासला बांध. पळत्या अक्षरांवर नेमका नेम धरणं तुमच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना जमायचं नाही.

दोन्ही टोकं तपासायला विसरू नकोस. बीबॉक्स विचारलं की लिखाणाची डावी-उजवी कड मिळते. डावीकडे जाताना उजवी कड शून्याच्या आत गेली की पट्टी उजव्या टोकाबाहेर नेऊन ठेवायची. उजवीकडे जाताना डावी कड खिडकीच्या रुंदीपलीकडे गेली की डाव्या टोकाबाहेर. बहुतेक जण पहिलंच टोक लिहितात, मग उलटी फिरवलेली पट्टी जाते ती जातेच.

वेगाचा हिशेब असा. ३० मिलिसेकंदांनी एक पाऊल म्हणजे सेकंदाला साधारण ३३ पावलं. २ पिक्सेलचं पाऊल धरलं तर सेकंदाला ६६ पिक्सेल. पडदा १३६६ पिक्सेल रुंद असेल तर एक टोक दुसऱ्या टोकाला पोचायला वीसेक सेकंद लागतील. काउंटरसमोर उभ्या माणसाला एवढं पुरतं, पण स्वतः तिथं उभी राहून वाचून बघ. जुना लॅपटॉप दुसऱ्या कामात गुंतला की चिठ्ठ्या उशिरा उघडतात आणि पट्टी मंदावते. आफ्टर नेमक्या वेळेची हमी देत नाही. ते खटकलं तर पायथॉनच्या पर्फ-काउंटर या घड्याळानं मागच्या पावलापासून किती वेळ गेला ते मोज आणि वेग गुणिले वेळ एवढं सरकव. आधी साधं चालू दे.

आणखी एक माझ्याकडून : स्पेसबार दाबला की पट्टी थांबावी, पुन्हा दाबला की चालावी. वेबवरच्या मजकुरासाठीच्या सुगम्यता नियमांत असं आहे की इतर मजकुरासोबत आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून जास्त हलत राहणारं लिखाण थांबवायची सोय हवी. तुझं दुकान वेबसाइट नव्हे, पण सावकाश वाचणारी माणसं तीच आहेत. थांबवायला पाऊल शून्य कर, साखळी तोडू नकोस.

प्रश्न : मॅडम, माझ्याकडे उबुंटू आहे. टीके-इंटरमध्ये मराठी लिहिलं की न सरकवताही जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्या जागी जाते. फॉन्ट बदलून पाहिले.
— एक वाचक, कामठी

उत्तर : फॉन्टचा दोष नाही, तुमच्या कोडचाही नाही. तुमच्या उबुंटूसारख्या लिनक्सवर, टीके-इंटरच्या मुळाशी असलेल्या टीकेची ८.६ आवृत्ती अक्षरं एकामागे एक मांडते. देवनागरीला लागणारी जुळणी ती करत नाही. विंडोजवर हे काम ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळते, म्हणून वरच्या मुलीची अक्षरं तुटली ती फक्त वाक्य कापल्यामुळे. तुम्ही पायसाइड ही खिडक्या बनवायची दुसरी लायब्ररी घ्या. त्याच्या मुळाशी असलेलं क्यूट अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरतं आणि ‘र्फी’ नीट दिसतं. आफ्टरच्या जागी क्यूटायमर येईल : इंटरव्हल ३० ठेवा, टाइमआउटला सरकवायचं फंक्शन जोडा, लेबलची जागा मूव्हनं बदला. टायमर स्वतःच पुन्हा पुन्हा वाजतो, त्यामुळे दरवेळी नवी चिठ्ठी लिहायची नाही. तो प्रोग्रामच्या सुरुवातीला एकदाच सुरू करा, आणि क्लिकच्या फंक्शनमध्ये फक्त दिशेचं चिन्ह बदला.